'रन' म्हणजे धावणे, हे कोणी शिकवलं आपल्याला?

फळा_आणि_डस्टर:
नाशिकला संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतो. दिवसभर नोकरी-धंदा करून आलेली माणसं असतात, म्हणजे मेडिकल दुकानातला पोरगा, नर्सिंगच्या मुली, बँकेच्या परीक्षेला बसलेले दोघं-तिघं आणि एक रिक्षावाले काका, जे बॅचमध्ये सगळ्यात हुशार आहेत. परवा फळ्यावर लिहिलं 'हू रन्स धिस शॉप?' आणि मराठी करा म्हटलं. उत्तरं आली, "या दुकानातून कोण पळतं?", "या दुकानात कोण धावतं?" आणि काकांचं, "हे दुकान कोण पळवतंय?" मला काकांचं उत्तर सगळ्यात जवळचं वाटलं, निदान त्यांनी पळायचं काम दुकानाकडे दिलं.

दोष पोरांचा नाही हो. पाचवीपासून रन म्हणजे धावणे हे डोक्यात ठोकून बसवलंय, रन-रॅन-रन पाठ केलं की विषय संपला. आणि मग बाहेर इंग्रजीत नाक रन होतं, नळ रन होतो, दुकान रन होतं, रंग रन होतो, माणूस निवडणुकीला रन होतो आणि या सगळ्यात प्रत्यक्ष धावत कोणीच नसतं.

माझं म्हणणं असं की इंग्रजीतला रन आपल्या धावण्यापेक्षा आपल्या चालण्याच्या जास्त जवळ आहे. दुकान चालतं, मशीन चालतं, कोर्टात केस चालते, पिक्चर पंचवीस आठवडे चालतो, बापाच्या पगारावर घर चालतं. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत डोळे मिटून रन टाका, बसतंय. आपण जिथे चालतो तिथे इंग्रज पळतो एवढंच. वेग बघायचाच नाही, आपल्या लाइनीने न थांबता चालू आहे का एवढंच बघायचं. क्लासमध्ये हे सांगितल्यावर अर्धी वाक्यं आपोआप सुटली. उरलेली अर्धी सुटत नाहीत म्हणून धागा काढला. तुमच्या कामात, घरात, गावात हा रन कुठे भेटतो ते लिहा. डिक्शनरीतली यादी चिकटवू नका प्लीज, ती माझ्याकडेही आहे.

टिळक_रोड:
यादी चिकटवत नाही, पण यादीची लांबी सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुष्कळ लोक अजून छातीठोक सांगतात की इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ 'सेट'चे. ते ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत बरोबर होतं, त्यात सेटचे ४३० च्या आसपास अर्थ आणि एकट्या त्या नोंदीला जवळपास ६०,००० शब्द खर्ची पडलेले. पण पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं आणि २०११ मध्ये रन तयार होऊन आला तो ६४५ अर्थ घेऊन, तेही नुसत्या क्रियापदाचे, नाम वेगळं. पीटर गिलिव्हर म्हणून तिथले एक संपादक, त्यांनी या एका शब्दावर नऊ महिने काढले.

रन एवढा का फुगला याचं कारण बघितलं तर मास्तरांच्या मुद्द्याला जोरच येतो. घड्याळं, गिरण्या, वाफेची इंजिनं, आगगाड्या, मोटारी, कॉम्प्युटर, जे जे स्वतःहून चालू राहणारं यंत्र निघालं ते ते इंग्रजांनी रनच्या दावणीला बांधलं.

वऱ्हाडी_ठेचा:
नऊ महिने? मंग बारसं बी केलं असन त्या शब्दाचं.

बग_नाही_फीचर:
आयटीवाला. आमच्याकडे तर दिवसभर दुसरा शब्दच नाही. "रन मारून बघ", "माझ्या मशीनवर रन होतंय, तुझ्याकडे का नाही", "जॉब रात्री दोनला रन होतो". आणि गंमत म्हणजे सगळी टीम मराठी असली की आम्हीपण "कोड चालला का?" असंच विचारतो, कोड धावला का असं आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही. ऑफिसात मराठी राबवायचं म्हणून कोणीतरी एकदा मेलमध्ये 'प्रणाली धावत नाही' लिहिलं होतं तर सपोर्टवाल्याने विचारलं की स्लो आहे की बंद आहे ते नीट सांगा. बरोबरच आहे त्याचं, धावत नाही म्हटलं की मराठी माणसाला चालत असेल अशी आशा वाटते.

कडक_इस्त्री:
मास्तर, तुमची थिअरी छान आहे पण सोयीची वाक्यं घेतलीत. 'आय रॅन इन्टू माय बॉस अॅट द मॉल' यात काय चालू आहे? 'द डॉग वॉज रन ओव्हर' यात? 'वी रॅन आऊट ऑफ मिल्क' यात तर सगळं बंद पडलंय, दूध संपलंय. चालणे लावा बघू.

फळा_आणि_डस्टर:
लावत नाही, कारण तिथे रनकडे बघायचंच नाही. शेपटाकडे बघायचं. आऊट आला की साठा संपला, मग दूध असो, वेळ असो, कल्पना असो नाहीतर बायकोचा पेशन्स असो. लो किंवा शॉर्ट आला की संपत आलंय. डाउन आला की खाली गेलं: घड्याळाची बॅटरी, जुनी इमारत, आजारी माणूस, आणि कोणाला रन डाउन केलं तर त्याला नावं ठेवली, किंवा गाडीने उडवलं, ते संदर्भाने कळतं. अप आला की चढलं, हॉटेलचं बिल किंवा झेंडा. इन्टू म्हणजे समोरासमोर गाठ पडणं, मग ती माणसाशी पडो, अडचणीशी पडो की विजेच्या खांबाशी. बॉस मॉलमध्ये 'भेटला' असं आपण म्हणतो त्यात न ठरवता भेटला हे येतच नाही, म्हणून आपल्याला 'अचानक' किंवा 'नेमका' घालावा लागतो. "नेमका साहेबच समोर आला." हे माझ्या मते रन इन्टूचं अस्सल मराठी.

ओव्हर मात्र बेरकी आहे. कुत्र्याच्या बाबतीत गाडीखाली येणं, मीटिंगच्या बाबतीत वेळेच्या बाहेर जाणं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्सवर रन ओव्हर म्हणजे नजर फिरवणं.

रात्रपाळी:
मी सांगलीची, सध्या इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलात नर्स आहे. आमचा हँडओव्हर ऐका, यात मी काही वाढवलेलं नाही. चार नंबर बेड रनिंग अ टेम्परेचर, ड्रिप तासाला ऐंशीने रनिंग, डॉक्टरांना अजून काही टेस्ट रन करायच्यात, ग्लोव्ह्ज रनिंग लो, फिजिओ रनिंग लेट, आणि हार्टचा त्रास रन्स इन द फॅमिली. हे सगळं एका दमात, तेही यॉर्कशरच्या उच्चारात, आणि आपण रात्रभर जागे राहून उभ्या. पहिल्या महिन्यात मला प्रत्येक रनला एक सेकंद लागायचा आणि तेवढ्यात पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असायची.

पेशंटचं इंग्रजी अजून वेगळं. म्हातारी बाई म्हणणार, आय फील अ बिट रन डाउन, म्हणजे अंगात त्राण नाही, गळून गेल्यासारखं वाटतंय. आणि एका आजोबांनी आमच्या नवीन आलेल्या कोल्हापूरच्या मुलीला सांगितलं, आय हॅव गॉट द रन्स, सिस्टर. ती क्रिकेटवेडी, पटकन म्हणाली, "हाऊ मेनी?" आजोबा म्हणाले सकाळपासून सात. जुलाब लागलेल्या पेशंटला पहिला प्रश्न हाच विचारायचा असतो त्यामुळे तिचं काहीच चुकलं नाही, चार्टवर बरोबर सात लिहिलं गेलं 😂

पण मास्तर, ताप 'चालतो' असं आपण म्हणत नाही ना? ताप चढतो, उतरतो, अंगात असतो. ड्रिप चालू असते हे मात्र पटलं.

वऱ्हाडी_ठेचा:
सात बाद झाला का नाबाद ते सांगा सिस्टर.

रात्रपाळी:
नाबाद. तिसऱ्या दिवशी घरी गेले.

अमरकोश_आजोबा:
ताप आणि नाक यांचं उत्तर चालण्यात मिळणार नाही, वाहण्यात मिळेल. हा शब्द जुन्या इंग्रजीत रिन्नन असा होता आणि त्याचा जर्मन भाऊ रिनन आजही जिवंत आहे, त्याचा अर्थ वाहणे, पाझरणे. दुसरा भाऊ रेनन म्हणजे पळणे. म्हणजे एकाच घरात वाहणं आणि पळणं दोन्ही पहिल्यापासून नांदताहेत. नाक रन होतं, नदी रन होते, नळ रन होतो, डोळ्यांतलं काजळ रन होतं ही कवीकल्पना नव्हे, तो त्या शब्दाचा जन्मापासूनचा अर्थ आहे. माणसाच्या पायांइतकाच जुना.

आणि आपल्याला यात नवल वाटायला नको. आपलं धावणे ज्या संस्कृत धाव् धातूवरून आलं त्याचा पाणिनीय धातुपाठातला अर्थ बघा, 'धावु गतिशुद्ध्योः'. गती आणि शुद्धी. पळणंही तेच आणि धुणंही तेच, मधे पाणी आहे. मराठीने पुढे धावणे आणि धुणे असे दोन संसार वेगळे केले, इंग्रजीने एकत्र कुटुंब ठेवलं.

टिळक_रोड:
आजोबा, नेहमीप्रमाणे सलाम. धाव् मध्ये धुणं आहे हे माहीत नव्हतं.

टाकादोरा:
धुण्यावरून आठवलं, रंग रन होण्याला आपण रंग जातो म्हणतो, नाहीतर रंग फुटला किंवा लागला. नवीन बांधणी पांढऱ्या कपड्यांत टाकली की जे होतं ते. त्याला धावणंही नाही आणि चालणंही नाही.

पण मला दुसरंच सांगायचं होतं. मी शिवणकाम शिकवते. सगळ्यात पहिला टाका जो मुलींना शिकवतो, सुई कापडातून खालीवर-खालीवर करत सरळ पुढे काढायची, तो इंग्रजीत रनिंग स्टिच आणि आपल्याकडे धावदोरा. हा मला फार आवडतो शब्द. इथे मास्तरांचं चालणं नाही, चक्क धाव आहे. आणि खरंच तो धावतो, बखिया घालताना हात प्रत्येक टाक्याला मागे येतो, धावदोऱ्यात मागे यायचंच नाही, एका सुईवर चार-पाच टाके गोळा करून एकदम ओढायचे. कच्चं करायला, चुण्या पाडायला, गोधडीला सगळीकडे हाच.

दुकानात गेलं की मात्र आम्हीसुद्धा 'रनिंग मटेरियल' म्हणतो, म्हणजे तागा, मीटरवर कापून मिळणारं कापड. धावतं कापड म्हटलं तर दुकानदार चष्मा काढून बघेल.

कडक_इस्त्री:
आणि सुताराचा 'रनिंग फूट'. किचनच्या ओट्याखालची कपाटं करायला काढली तेव्हा त्याने रनिंग फुटाचा भाव सांगितला, आमच्या वडिलांनी स्क्वेअर फुटाचा समजून हिशेब केला आणि भांडणाची वेळ आली. लांबी किती तेवढीच मोजायची, उंची-रुंदी काही असो. कॉन्ट्रॅक्टरचं रनिंग बिल पण तसलंच, काम चालू असताना मधे मधे द्यायचं बिल. यात मास्तर तुमचं चालू बसतंय म्हणा.

सिंगल_लाइन:
आमच्याकडे वडील रेल्वेत, लोको पायलट म्हणून रिटायर झाले. मी भुसावळच्या क्वार्टरमध्ये वाढलो. रेल्वेत 'रनिंग स्टाफ' ही वेगळी जात आहे, ड्रायव्हर, असिस्टंट आणि गार्ड, ज्याला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायला लागले. त्यांना मिळतो तो रनिंग अलाउन्स, गाडीबरोबर किती किलोमीटर गेले त्यावर. आणि ड्यूटी संपवून दुसऱ्या गावी उतरले की ते झोपतात ती 'रनिंग रूम'. माझ्या मामेभावाला लहानपणी वाटायचं की तिथे सगळे ड्रायव्हर गोल गोल पळत व्यायाम करतात. वास्तविक अख्ख्या रेल्वेत सगळ्यात शांत जागा ती, पडदे ओढलेले, कोणी मोठ्याने बोलायचं नाही, कारण कोणाला रात्री दोनला कॉल येईल सांगता येत नाही. जेवण सांगून ठेवलं की खानसामा करून द्यायचा, वडील डाळ-तांदूळ घरून पेटीत घेऊन जायचे.

मास्तर, एक निरीक्षण. बातम्यांमध्ये नेहमी येतं "मध्य रेल्वेच्या लोकल पंधरा मिनिटं उशिराने धावत आहेत". वडील हे ऐकून दर वेळी म्हणायचे, धावत असत्या तर उशिरा कशाला असत्या. घरात आम्ही कायम "गाडी चालली नाही", "गाडी लेट चालतेय" असंच बोललो. धावणारी गाडी पेपरातली.

बग_नाही_फीचर:
आणि डोंबिवलीकरांचं 'रनिंगमध्ये पकडणे'. गाडी प्लॅटफॉर्मला लागता लागता चालत्या गाडीत उडी मारून सीट धरायची. माझी आई अजून फोन ठेवताना सांगते, रनिंगमध्ये चढू नको.

लेगबाय:
एवढे प्रतिसाद झाले आणि क्रिकेटला कोणी नीट हात लावला नाही? इथे रन म्हणजे खरोखर धावणंच, बावीस यार्ड पार करणं, म्हणून आपल्याकडे 'धावा'. पण चौकार मारला की जागचं हलावं लागत नाही तरी चार धावा, त्यामुळे इथेही मास्तर थोडेसे जिंकतातच.

मला जास्त मजा वाटते रन आऊटची. पेपरात 'धावचीत'. आता चीत हा शब्द आखाड्यातला, समोरच्याला पाठीवर पाडला की तो चीत. त्रिफळाचीत, पायचीत, यष्टिचीत, धावचीत, बॅट्समनला बाद करताना आपण त्याला दर वेळी लाल मातीत लोळवलाय. बाळ ज. पंडितांचं रेडिओवरचं धावतं समालोचन ज्यांनी ऐकलंय त्यांच्या कानात हे शब्द अजून असतील. आणि हो, धावतं समालोचन, रनिंग कॉमेंट्री. एवढं चपखल भाषांतर क्वचित होतं.

नॉन स्ट्रायकरला बोलरनेच धावचीत करण्यावरून जो दंगा होतो तो विनू मांकड यांनी १९४७ मध्ये सिडनीला बिल ब्राऊनला बाद केलं तेव्हापासूनचा. क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने १ ऑक्टोबर २०२२ पासून तो प्रकार 'अनफेअर प्ले'च्या कलमातून काढून सरळ 'रन आऊट'च्या कलमात टाकला. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी लॉर्ड्सवर दीप्ती शर्माने चार्ली डीनला तसं बाद केलं होतं आणि इंग्लंडमध्ये केवढी रडारड झाली. वाक्य करा: 'इंग्लंड रॅन आऊट ऑफ एक्स्क्यूजेस.'

कडक_इस्त्री:
😂 हे फळ्यावर घ्या मास्तर.

न्यूजर्सीची_मावशी:
इकडे अमेरिकेत येऊन निम्मं आयुष्य गेलं, माझे दोन पैसे. पहिलं म्हणजे सिग्नल. आपण सिग्नल 'तोडतो' आणि भारतातल्या इंग्रजीत 'जंप' करतो, इकडे 'ही रॅन अ रेड लाइट'. दुसरं, स्टॉकिंगची वीण सुटून उभी चीर पडली की इकडे त्याला रन म्हणतात आणि ब्रिटनमध्ये लॅडर. तिसरं, दिवसभराची बारीकसारीक कामं, बँक, पोस्ट, लाँड्री, भाजी, ते सगळं 'रनिंग एरंड्स'. आमचे हे रिटायर झाल्यापासून रोज सकाळी आय हॅव टू रन सम एरंड्स म्हणून निघतात आणि कॉफी पिऊन परत येतात.

आणि निवडणूक! ब्रिटिश माणूस निवडणुकीला 'स्टँड' राहतो, अमेरिकन 'रन' करतो, आपला मराठी माणूस उभा राहतो आणि मग लढवतो. इकडची निवडणूक खरंच वर्ष-दीड वर्ष पळतच असते त्यामुळे शब्द योग्यच आहे. उपाध्यक्षाचा उमेदवार 'रनिंग मेट', हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आलाय, एकाच तबेल्यातला दुसरा घोडा जो मुख्य घोड्याला वेग धरून द्यायला सोबत पळवतात. २०२० मध्ये कमला हॅरिसचं नाव आलं तेव्हा आमच्या भिशीत ही चर्चा झाली होती, एकीला घोड्याचं पटलं नाही, तिने नंतर डिक्शनरी काढून बघितली.

टिळक_रोड:
मावशी, घोड्यांच्या शर्यतीने इंग्रजीला बरंच दिलंय. 'ऑल्सो रॅन' हाही तिथलाच. पहिले तीन घोडे नावानिशी छापायचे आणि उरलेल्यांच्या यादीवर शीर्षक 'ऑल्सो रॅन', म्हणजे हेही पळाले. आपल्याकडचं 'उत्तेजनार्थ' पण यापेक्षा मायाळू आहे.

आणि 'रन द गाँटलेट' मधला गाँटलेट म्हणजे लोखंडी हातमोजा नव्हे. मूळ स्वीडिश शब्द गाटलॉप, गल्लीतून पळणं. दोन रांगांत सैनिक काठ्या घेऊन उभे आणि शिक्षा झालेल्याने मधून जायचं. सतराव्या शतकात तीस वर्षांच्या युद्धाच्या काळात इंग्रजांनी तो उचलला आणि हातमोज्याशी उच्चार जुळला म्हणून तसाच लिहायला लागले. यातल्या 'लॉप'चा अर्थच पळणं, म्हणजे 'रन द गाँटलेट' मध्ये दोनदा पळावं लागतं.

पासबुक:
मी सहकारी बँकेत आयुष्य काढलं, आता निवृत्त. आमच्या धंद्यात रन हा शब्द हळू आवाजात बोलतात. 'रन ऑन द बँक'. सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला येणं. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर रांगा लागल्या होत्या, त्याआधी तिथे असा प्रकार व्हायला जवळजवळ दीडशे वर्षं झाली होती. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेतून तर एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला लोक धावले, आणि रांग कुठेच नाही, सगळे फोनवर.

गंमत बघा, इथे चालणेही लागत नाही आणि वाहणेही नाही, इथे खरंच पळापळ आहे. आपले पेपर लिहितात 'ठेवीदारांची झुंबड'. मी तरुण असताना एका शाखेत हे बघितलंय. सकाळी शटर अर्धं वर जाईपर्यंत पायच पाय दिसत होते. मॅनेजरने काय केलं असेल, तर कॅशियरला सांगितलं की नोटा दोनदा मोज आणि सगळ्या शंभरच्या दे, आणि एका शिपायाला चहा घेऊन रांगेत पाठवला. दुपारपर्यंत अर्धी रांग चहा पिऊन घरी गेली. आता ठेव विमा पाच लाखांपर्यंत आहे, फेब्रुवारी २०२० मध्ये एकाचा पाच लाख झाला, तेव्हा एवढी घाबरगुंडी उडत नाही म्हणा.

ओहोटी:
मर्चंट नेव्हीत आहे, रत्नागिरीचा. नेटवर्क आलं म्हणून लिहितो. बोटीवर रन म्हणजे एक तर इंजिन रनिंग, नाहीतर 'रन अग्राउंड', जे कोणालाच नको असतं. कोकणात याला बोट रुतली म्हणतात, चढली पण म्हणतात. मार्च २०२१ मध्ये ४०० मीटरची एव्हर गिव्हन सुएझमध्ये अशीच चढली आणि सहा दिवस सगळ्या जगाची वाट अडवून बसली. न्यूजवाले सारखे रॅन अग्राउंड म्हणत होते आणि बोट जागची हलत नव्हती, हे मास्तरांच्या बॅचला सांगा, अजून गोंधळतील.

'कट अँड रन' आमच्याच धंद्यातला. शत्रू आला आणि नांगर ओढून घ्यायला वेळ नाही, तर नांगराचा दोर कुऱ्हाडीने तोडायचा आणि वारा मिळेल तसं निघायचं. नांगर गेला तो गेला. आता कंपन्यांचे साहेब लोक वापरतात.

वऱ्हाडी_ठेचा:
मास्तर एक शंका. माहा मेहुना लय 'चालू' हाये. तुमच्या हिशेबानं तो रनिंग ब्रदर-इन-लॉ झाला काय?

फळा_आणि_डस्टर:
नाही, तिथे थिअरी मेहुण्याने खाल्ली. चालू माणूस इंग्रजीत धावत नाही, त्याला स्मूथ ऑपरेटर म्हणा. पण त्याने पैसे घेऊन पोबारा केला तर 'रॅन ऑफ विथ द मनी' नक्की.

मोटकरी:
मी शेतकरी माणूस, फलटणकडचा, इंग्रजी बेताचंच. पण धाव शब्दावरून सगळे बोलताय तर एक सांगतो. आमच्या विहिरीवर मोट होती, आजा हाकायचा. बैल मोट ओढताना ज्या उतारावरून खाली जायचे त्या उताराला आमच्यात धाव म्हणतात. बैल खाली उतरले की मोट वर येती, पाणी थारोळ्यात पडतं, मग बैल मागं मागं सरकत धावंवर चढायचे, तोंड विहिरीकडं न वळवता. नवा बैल असला की मागं सरकायलाच तयार नसतो, त्याला शिकवायला लय वेळ लागायचा. आता मोटर आली पण जागेचं नाव धावच राहिलं, "धावंवर गाडी लाव" म्हणतो आम्ही. आणि बैलगाडीच्या चाकाला जी लोखंडी पट्टी तापवून बसवतात तीपण धावच.

तर धाव म्हंजे पळणं नाही फक्त, जिथून पळायचं ती जागापण आणि ज्याच्यावर पळायचं ती वस्तूपण. इंग्रजीत असं असतं का?

अमरकोश_आजोबा:
असतं, आणि तुम्ही धाग्यातलं सगळ्यात मोलाचं सांगितलंत. कोंबड्यांना मोकळं फिरायला जाळी लावलेली जागा असते ती चिकन रन. बर्फावरून घसरायचा उतार तो स्की रन. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांचं चराऊ रान ते शीप रन. विमानाचा तो रनवे, आपली धावपट्टी. क्रिया, तिची वाट आणि तिची जागा, तिन्हींना एकच नाव. तुमच्या आज्याची धाव आणि इंग्रजांचा रन एकमेकांना कधी भेटले नाहीत आणि तरी एकाच वळणाने गेले.

मोटकरी:
आज्याला सांगायला पायजे होतं.

रात्रपाळी:
मोटकरी दादा, बैल मागे मागे चढायचे हे डोळ्यासमोर आलं एकदम. आमच्या आजोळी धाव आहे अजून, वापरात नाही, त्यावर चिंचा वाळत घालतात.

फळा_आणि_डस्टर:
उद्याच्या बॅचला मी चालणे, वाहणे आणि मोटकरी दादांची धाव अशा तिन्ही दारांनी नेणार आहे, ज्याला जे दार जवळचं त्याने त्यातून आत यावं. ताप मात्र अजून कुठेच बसत नाहीये, तो तसाच पाठ करून घेईन.

आता एक वाक्य देतो, मराठी करा. सरळ बोलीतलं पाहिजे, भाषांतराचा वास येता कामा नये: 'ही रॅन अप अ ह्यूज बिल, रॅन डाउन हिज बॉस ऑल ईव्हनिंग, अँड रॅन ऑफ विथ द कॅशियर.'

कडक_इस्त्री:
"भलंमोठं बिल करून ठेवलं, संध्याकाळभर साहेबाच्या नावाने खडे फोडले आणि कॅशियरला घेऊन पसार झाला."

टाकादोरा:
घेऊन पसार म्हणजे पैसे नेल्यासारखं वाटतं. "कॅशियरबरोबर पळून गेला" पाहिजे. इथे बघा पळणंच लागलं शेवटी.

लेगबाय:
कॅशियर बाई होती की बाप्या, त्यावर साहेबाला खडे फोडण्याचं कारण ठरेल.

वऱ्हाडी_ठेचा:
ते सोडा राजेहो, कॅशियर पयाली त बिल कोनाकडं भरलं?

पासबुक:
कोणाकडेच नाही. उचंत खात्यात, म्हणजे ज्याचा हिशेब लागत नाही ते तात्पुरतं जिथे टाकतात तिथे, पडलं असणार, ऑडिटला निघेल.